त्रेचाळीस किलोचं तिकीट

केजमध्ये अंबाजोगाई रस्त्याला त्रिंबक मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते भंगारवाल्याचं दुकान वाटतं, आणि कुणी तसं बोलून दाखवलं की त्रिंबकचं डोकं फिरतं. आत सात मशीनं उभी आहेत. सातही अशी, की पोटात नाणं गेल्याशिवाय हलायची नाहीत. एकात पत्र्याचं माकड डमरू वाजवतं. ते जत्रेतल्या एका तंबूतून आलेलं. एकात दांडा मुठीत आवळून ताकद आजमावायची. काटा शेवटाला टेकला तर घंटी वाजते, आणि ती घंटी आजवर फक्त सरस्वतीबाईंनी, म्हणजे त्रिंबकच्या बायकोनं वाजवलेली आहे. बाकीची पाच मशीनं वजनाची. पूर्वी एस.टी. स्टँडवर आणि रेल्वेच्या फलाटावर असायची ती. वर काचेआड फिरणारं लाल-पांढरं चाक, भोवती मिचमिचणारे दिवे, खाली उभं राहायला लोखंडी पाटा. रुपया टाकला की खट्कन एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट हातात पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला एखाद्या नटीचं चित्र आणि खाली दोन ओळींचं भविष्य.

"लोकं भाकड गाई सांभाळतेत, आमच्या दारात भाकड मशीनं हायेत," असं सरस्वतीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. बाईंना अक्षर वाचता येत नव्हतं, पण नवरा पाठ होता.

पंचवीस वर्षं त्रिंबक एका कंपनीची ही मशीनं दुरुस्त करत हिंडला. केज, धारूर, अंबाजोगाई, परळी अशी दर पंधरा दिवसांनी फेरी. पेटी उघडायची, नाणी पिशवीत भरायची, स्प्रिंगला तेल द्यायचं, तिकिटांचा नवा गठ्ठा लावायचा आणि पुढची बस धरायची. मग काळ बदलला, कंपनी बुडाली, आणि स्टँडवरची मशीनं लोकांना पान खाऊन थुंकायला बरी पडू लागली. ती भंगारात निघाली तशी त्रिंबकनं एकेक करून उचलून आणली, घासली, रंगवली, चालू केली. केज स्टँडचं मशीन तेवढं राहिलं होतं. ते फार खिळखिळं झालेलं. त्याला हात लावायचा म्हणजे आठ दिवसांचं काम, म्हणून ते गोणपाटाखाली तसंच पडून होतं.

मध्यंतरी कुणा पोरानं मोबाईलवर त्या शेडचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला, आणि माणसं बघायला येऊ लागली. पितृपक्ष लागायच्या आधीच्या रविवारी असेच एक बाप-लेक आले. बाप पन्नाशीचा, पण कंबरेत वाकलेला. मुलगी विशीतली, अंगावर साधा ड्रेस, हातात फडक्यात गुंडाळलेली एक चौकट.

"मिस्त्री, वळखलं का?" बापानं विचारलं.

"न्हाई बाबा."

"कसं वळखताल? वीस वर्सं झाली. मी आश्रुबा. तुमी स्टँडवर तिकीट वाचून दावायचे, तवा आमी तुमच्या तोंडून ऐकून उसाला गेलतो. मी आन सुनिता, माझी मालकीण. ही आमची मनिषा."

त्रिंबकनं खुर्च्या पुढं ओढल्या. आश्रुबा म्हणत होता ते खरं होतं. दिवाळीच्या मागंपुढं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, आणि ट्रक भरायला यायचे स्टँडशेजारच्या मोकळ्या जागेत. निघायच्या आधी बायका-माणसं मशीनवर उभी राहून वजन करायची. चैतात परत आली की पुन्हा उभी राहायची. जाताना वजन, येताना वजन; मधलं जे गेलं ते कारखान्याला, असं हसून म्हणायची. बहुतेकांना वाचता यायचं नाही. वजन विचारून व्हायचं आणि मग तिकीट उलटं करून प्रत्येकजण पुढं धरायचा, "मागं काय लिवलंय?" त्या दिवसांत त्रिंबक मुद्दाम केजलाच थांबायचा आणि दिवसभर वाचून दाखवायचा. त्याला ते काम फार आवडायचं. माणसं त्याच्या तोंडाकडं डोळे लावून उभी राहायची.

मनिषानं फडकं सोडलं. चौकटीत एका बाईचा लग्नातला फोटो होता आणि फोटोखाली पुठ्ठ्यावर चिकटवलेलं पिवळं पडलेलं तिकीट. त्यावर शिक्का होता, ४३ किलो. चौकटीच्या कडेला वाळवी लागली होती.

"आईचं शेवटचं वजन हाय हे," मनिषा म्हणाली. "तवा तिला सातवा लागलेला. म्हणजे ह्या त्रेचाळिसात मी बी हाय. आमचं दोघींचं एकत्र असं दुसरं काहीच न्हाई, काका. एक फोटो बी न्हाई."

बाकीचं आश्रुबानं सांगितलं, जमिनीकडं बघत. पौषात, फडातल्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, मनिषा झाली. रक्त थांबलं नाही. गाडी मिळेपर्यंत उजाडलं आणि सुनिता गेली. लेकरू आजीनं, सुनिताच्या आईनं, भिवराबाईनं युसूफ वडगावला वाढवलं. परत आल्यावर आश्रुबानं ते तिकीट कणकेच्या खळीनं पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं, वजनाची बाजू वर ठेवून. "तवा डोकं ठिकाणावर नव्हतं. मागची बाजू कायमची झाकली जाईल, हे काय सुचलं न्हाई."

आता मनिषा अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. अहेव नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईचं पान वाढतात त्या दिवशी, फोटो पुढं ठेवायचा होता. वाळवीनं खायच्या आत तिकीट सोडवून द्यावं, आणि जमलं तर त्याच स्टँडच्या मशीनवर एकदा तिचं वजन करावं, एवढ्यासाठी ती बापाला घेऊन आली होती.

"मागचं मला तोंडपाठ हाय," ती म्हणाली. "प्रवास सुखाचा होईल, घरात आनंद येईल. आण्णा लहानपनापासून सांगतेत. पन एकदा माझ्या डोळ्यांनी वाचायचंय. आईला वाचता येत नव्हतं ना."

"आठ दिवस द्या," त्रिंबक म्हणाला. ते दोघं गेल्यावर त्यानं गोणपाट काढलं. कधी नव्हे ते सरस्वतीबाईंनीही फडकं घेऊन मशीनची काच पुसली.

तिकीट सोडवणं हे तासाभराचं काम. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पुठ्ठ्यावर ठेवायचं, खळ फुगू द्यायची आणि पात्याच्या टोकानं हलक्या हातानं उचलायचं. सोमवारी सकाळी त्रिंबकनं तसंच केलं. तिकीट अलगद सुटलं. त्यानं ते उलटं करून उन्हात धरलं. नटीचा चेहरा पुसून गेला होता. खालची अक्षरं मात्र काल छापल्यासारखी होती.

'प्रवास टाळावा. काही दिवस घरीच राहणे हिताचे.'

त्रिंबक खाली बसला. त्याला सुनिता आठवेना. चेहरा नाही, आवाज नाही, लुगड्याचा रंग नाही. शेकडो बायकांना वाचून दाखवलेलं, त्यातली ती एक. पण काय झालं असेल ते त्याला आठवायची गरज नव्हती. कंपनीच्या गठ्ठ्यात चोवीस तऱ्हेची भविष्यं असत आणि त्यातली सहा वाईट असत. आजार संभवतो, नुकसान होईल, प्रवास टाळावा, असली. पोरंबाळं काखेत घेऊन ट्रकात चढायला निघालेल्या माणसाला हे कुठं वाचून दाखवायचं? कोणत्या तोंडानं? म्हणून त्रिंबकनं पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. वाईट तिकीट आलं की त्याचं एकच वाक्य तयार असायचं: प्रवास सुखाचा होईल, घरात आनंद येईल. माणसाचं तोंड उजळायचं. यांना वाचता येत नाही तेच बरं, असं तेव्हा त्याच्या मनात यायचं, आणि आपण पुण्य करतो असंही वाटायचं. ती सहा तऱ्हेची तिकिटं गठ्ठ्यातून वेचून फेकून द्यायला पाच मिनिटं लागली असती. पण मग वाचून दाखवण्यातली गंमत गेली असती. कुठलं तिकीट येतंय ते बघायचं आणि क्षणात ते गोड करून द्यायचं, हा त्याचा मोठेपणा होता. तो त्याला सोडवला नाही.

"भाकरी वाळली," सरस्वतीबाई दारातून म्हणाल्या.

"भूक न्हाई."

"मशीनचं पोट बिघडलंय का तुमचं?"

त्रिंबकनं पाना उचलला. दोन दिवस तो मशीनमध्ये डोकं घालून बसला आणि मनाची समजूत घालत राहिला. एका तिकिटानं काय होतं? ती काय तिकीट ऐकून गेली नव्हती. ट्रक उभा होता, बोचकी भरलेली होती, ती जाणारच होती. आपण खरं वाचलं असतं तर बिचारी रडत गेली असती, एवढाच काय तो फरक. हे त्याला पटायचं, आणि स्प्रिंगचा पेच आवळून होईपर्यंत पुन्हा पटेनासं व्हायचं.

गुरुवारी मशीन चालू झालं. चाक फिरलं, दिवे लागले. आणि तेव्हाच त्याच्या डोक्यात ते आलं. त्याच्याकडं वजनाची बाजू कोरी असलेल्या जुन्या तिकिटांचे दोन गठ्ठे शिल्लक होते. त्याच कंपनीचे, त्याच छापाचे. मशीनही तेच, शिक्काही तोच. त्यानं गठ्ठ्यातून 'प्रवास सुखाचा होईल, घरात आनंद येईल' शोधून काढलं आणि मशीनमध्ये लावलं. हे तिकीट खरोखरचं होतं. त्याचं वाक्य त्यानं तिथूनच उचललेलं. शेजारच्या आडत दुकानातून दोन वीसकिली मापं आणून पाट्यावर ठेवली, वर दोन किलोचं आणि एक किलोचं ठेवलं. त्रेचाळीस. डब्यातला जुना मोठा रुपया टाकला, कारण हल्लीचा बारीक रुपया त्या खाचेतून नुसताच खाली पडतो. खट् झालं. ४३ किलो. ते तिकीट त्यानं चहाच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवलं, कडा बोटांनी झिजवल्या. दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवली तर वजनाच्या बाजूनं त्याचं त्यालाच ओळखू येईना. आयुष्यभराचं कसब त्यानं त्या एका तिकिटात ओतलं होतं.

मग त्यानं आणखी एक काम केलं. मशीनमध्ये लावायच्या गठ्ठ्यातून सगळी वाईट तिकिटं काढून चुलीत टाकली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

नवमीच्या आदल्या दिवशी बाप-लेक आले. त्रिंबकनं पांढरा सदरा घातला होता. खोटं तिकीट वरच्या खिशात, खरं बाजूच्या. मशीन शेडच्या दाराशी आणून ठेवलं होतं. ते बघताच आश्रुबा थांबला, त्यानं पायातली चप्पल काढली आणि पाट्याला हात लावून तो हात कपाळाला लावला.

"हेच," तो म्हणाला. "हितंच उभी राह्यली ती."

मनिषा पाट्यावर चढली. त्रिंबकनं तिच्या हातात जुना रुपया दिला. चाक फिरलं, दिवे लागून विझले, तिकीट पडलं. तिनं वाचलं आणि तिला हसू आलं.

"एक्कावन्न. बघा आण्णा. आई आन मी मिळून त्रेचाळीस, आन मी एकटीच एक्कावन्न."

आश्रुबा हसला नाही. तो मशीनच्या काचेत बघत होता. "मिस्त्री, तुमाला एक सांगायचं राह्यलं होतं. तुमचे लई उपकार हायेत माझ्यावर."

"माझे? कावून?"

"त्या दिवशी घरून निघतानाच भांडण झालतं. भिवरामाय म्हणायची, सातवा लागलाय, पोरीला माझ्याकडं ठिव. मी म्हणायचो, कोयता म्हंजे नवराबायकूची जोडी, एकट्याला कोण घील? सुनिता मधी. शेवटाला स्टँडवर आल्यावर ती म्हणली, आपून दोघं बी नको, मशीनला इचारू. मशीन जा म्हणलं तर येते. न्हाई म्हणलं तर हितूनच वडगावची गाडी धरते, आन तुमी तोंड वाकडं करायचं न्हाई. मी आईची शपथ घिऊन हो म्हणलो. वडगावची गाडी समोर उभीच होती. मग तुमी वाचलं. ती हासली आन सोता होऊन ट्रकात चढली." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "वीस वर्सं भिवरामाय मला म्हणती, तू मारलं माझ्या लेकीला. वीस वर्सं मी एवढंच सांगत आलो, मी न्हाई नेली बळंच. मशीन म्हणलं म्हणून ती आली. मिस्त्रीनं वाचलं, साऱ्यांनी ऐकलं. तेवढ्यावर जगलो बघा."

आठ दिवस ज्या एका गोष्टीला धरून त्रिंबक बसला होता ती हातातून निसटली. ती जाणारच होती, असं नव्हतं. समोर वडगावची गाडी उभी होती. ती विचारायला आली होती, आणि त्याच्याकडं उत्तर होतं, छापलेलं, हातातच.

"तिकीट सुटलं का, काका?" मनिषानं विचारलं.

त्याचा हात वरच्या खिशाकडं गेला. ते चोख काम होतं. कुणाच्या बापाला कळलं नसतं, तिलाही नाही. बाप सुखात राहिला असता, लेक सुखात राहिली असती, आणि तो स्वतःही. पण सुनिताला एकदा आपण गोड करून दिलं, आता तिच्या लेकीलाही तसंच द्यायचं? बोटं खिशाच्या काठाला लागून थांबली. मग त्यानं बाजूच्या खिशातलं तिकीट काढलं आणि मनिषाच्या हातात दिलं. तिच्याकडं बघायची मात्र त्याची हिंमत झाली नाही. तो मशीनच्या पाट्याकडं बघत उभा राहिला.

मनिषानं आधी वजनावरून बोट फिरवलं. मग उलटं केलं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"वाच की बाई," आश्रुबा म्हणाला. "मोठ्यानं वाच."

त्रिंबकनं डोळे मिटले.

"प्रवास सुखाचा होईल," मनिषाचा आवाज आला. "घरात आनंद येईल."

त्रिंबकनं डोळे उघडले. ती तिकिटाकडं बघतच नव्हती. बापाकडं बघत होती, आणि आश्रुबाचं तोंड उजळलं होतं. अगदी तसंच, जसं त्रिंबकनं स्टँडवर शेकडो वेळा उजळलेलं बघितलं होतं.

"बघा, मिस्त्री! शब्दान् शब्द ध्यानात हाय माझ्या." आश्रुबा म्हणाला. "भिवरामायला बी वाचून दाव, पोरी. उद्या पान वाढलं की तिच्याम्होरं वाच."

"वाचते," ती म्हणाली.

नको नको म्हटलं तरी आश्रुबा त्रिंबकच्या पाया पडला. त्रिंबकला ते थांबवता आलं नाही आणि सहनही झालं नाही. बाप-लेक रस्त्यापर्यंत गेले, आणि तिथून मनिषा एकटीच माघारी आली. चौकटीचं फडकं खुर्चीवर राहिलं होतं. ते उचलून ती तिथंच उभी राहिली.

"काका, तवा तुमाला चष्मा होता का?"

ती त्याला वाट काढून देत होती, हे त्रिंबकच्या लक्षात आलं. दिसलं नाही म्हण, गर्दी होती म्हण, चुकून दुसऱ्याचं वाचलं म्हण.

"न्हवता," तो म्हणाला. "नजर चांगली होती. मी वाईट तिकीट कुणालाच वाचून दावायचो न्हाई, बाई. सगळ्यांना तेच एक वाक्य सांगायचो. बरं वाटावं म्हणून."

मनिषानं मान हलवली. रागावली असती, ओरडली असती, ते तिकीट तोंडावर फेकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"आण्णांना वाचता येत न्हाई," ती हळूच म्हणाली, "तेच बरं."

आणि ती गेली.

त्रिंबक मशीनच्या पाट्यावरच बसला. त्याच्या वजनानं वरचं चाक थोडं हललं आणि थांबलं. सरस्वतीबाई चहा घेऊन आल्या, कप खाली ठेवला आणि त्यांचं लक्ष त्याच्या सदऱ्याकडं गेलं. घामानं वरचा खिसा ओला झाला होता आणि त्यावर चहाच्या रंगाचा डाग पसरला होता.

"हे काय लागलं?" म्हणत त्यांनी खिशात बोटं घालून तिकीट बाहेर काढलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि मग सगळी माणसं धरायची तसंच ते उलटं करून त्याच्यापुढं धरलं.

"काय लिवलंय ह्याच्यावर?"

त्रिंबकनं तिकिटाकडं बघितलं. अक्षरं ठळक होती, डोळ्यांवर चष्मा होता. वाक्य आयुष्यभर तोंडात बसलेलं होतं. त्यानं वाचायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.